राजीनाम्याआधी रक्ततपासणी

रविवारी संध्याकाळी बारामतीच्या एसटी स्थानकावर स्वारगेटच्या गाडीपाशी जी गर्दी होते, तिच्यात एक चेहरा हमखास असतो. पस्तिशीच्या आसपासचा. पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात आईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची आणि भाकरीची पिशवी. गाव इंदापूर तालुक्यात, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट वाकडला, हप्ता आणखी चौदा वर्षांचा. दरमहा नव्वद हजार हातात पडतात. गावातली पोरे त्याच्याकडे बोट दाखवून "असे व्हा" म्हणतात. आणि रविवारी चार वाजल्यापासून त्याच्या पोटात गोळा येतो.

हा माणूस मी कल्पनेने उभा केला आहे, पण तुमच्या ओळखीचा आहे. तो पुण्याला जाणाराच असतो असे नाही. बारामतीच्या एमआयडीसीत गाड्या, चॉकलेट आणि दुधाचे पदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांतही तो सापडेल. त्याला त्रास देणारा साहेब नाही, पगार थकलेला नाही, कोणी अपमान केलेला नाही. फक्त काम करून झाल्यावर काही केले असे वाटत नाही. आणि हे कोणाला सांगायची सोय नाही, कारण ऐकणारा म्हणतो, "तुला काय धाड भरलीय?"

अशा माणसाच्या मोबाइलवर एक गोष्ट हटकून येऊन पडलेली असते. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावच्या सत्यजित आणि अजिंक्य हंगे या भावांची. दोघे व्यवस्थापन शिकलेले, दोघांनी दशकभर बँका आणि वित्तसंस्थांत चांगल्या पगाराच्या नोकऱ्या केल्या, दोघांनी त्या सोडल्या आणि वडिलोपार्जित जमिनीवर सेंद्रिय शेती सुरू केली. 'टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स' हे नाव आज तूप, खपली गहू, शेवग्याची पावडर यांच्यामुळे देशाबाहेरही पोचले आहे. 'झिरोधा'च्या नितीन कामत यांच्या 'रेनमॅटर'ने त्यांच्यात पैसे गुंतवले. गोष्ट खरी आहे आणि कौतुकाची आहे.

पण ती वाचताना काही ओळी सावकाश वाचाव्यात. जमीन होती. एक नव्हे, दोन भाऊ होते, म्हणजे एक खचला तर दुसरा उभा. बँकेत वर्षानुवर्षे शहरी ग्राहकाशी बोलण्याचा सराव होता आणि तो तूप विकतानाही कामाला आला असणार. शिवाय आपल्याकडे पाणी लागलेल्या बोअरचे पेढे वाटले जातात, कोरड्या बोअरचे कर्ज मात्र घरातच राहते. नोकरी सोडून परत आलेले आणि दोन वर्षांनी गुपचूप पुन्हा नोकरी शोधणारे लोक मुलाखती देत नाहीत. म्हणून हंगे बंधूंची गोष्ट धीर येण्यापुरती घ्यावी, तिला नकाशा समजू नये.

आता आरोग्याच्या स्तंभात हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. कारण असा माणूस राजीनाम्याचा मसुदा लिहितो तेव्हा त्याने एक निदान केलेले असते: "माझ्या दुखण्याचे कारण नोकरी आहे." हे निदान पुष्कळदा बरोबर असते. पण पुष्कळदा तपासलेले नसते.

थकवा, कशात मन न लागणे, चिडचिड, सकाळी उठवत नाही, वजन वाढले, विसरायला होते. ही तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात आला, तर डॉक्टर आधी नोकरी विचारत नाही, रक्त तपासतो. थायरॉइड मंद असेल तर माणूस अगदी असाच वागतो. हिमोग्लोबिन कमी असेल, साखर वाढलेली असेल तरी असेच. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता तर आपल्या भागात, विशेषतः शाकाहारी घरांत, रोजची आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासात गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींत ते कमी आढळले होते. मोठ्याने घोरणारा, मानेने जाड, दिवसा बैठकीत डुलक्या घेणारा माणूस असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. या माणसाने नोकरी बदलली तरी डुलक्या नव्या कचेरीत येतील.

या सगळ्या तपासण्यांचा खर्च एका महिन्याच्या पगाराच्या मानाने किरकोळ आहे. त्या आधी कराव्यात.

दुसरी शंका नैराश्याची. इथे गोंधळ फार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या अकराव्या यादीत 'बर्नआउट'ची व्याख्या दिली, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित स्थिती म्हणून. न आटोपलेल्या दीर्घ ताणातून येणाऱ्या तीन गोष्टी तिच्यात सांगितल्या: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असे वाटणे. व्याख्येतच स्पष्ट म्हटले आहे की, हा शब्द कामाच्या जागेपुरताच वापरावा, आयुष्याच्या इतर भागांना लावू नये. मराठीत आपण याला 'विटणे' म्हणतो आणि तो शब्द पुरेसा चांगला आहे.

विटलेला माणूस नोकरीला विटलेला असतो. नैराश्य आलेल्या माणसाला सगळेच बेचव लागते. फरक ओळखायची एक घरगुती युक्ती आहे: सलग आठ दिवस रजा घ्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःकडे पाहा. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा मुलांना नावेतून ते दाखवायला नेले आणि मन हलके झाले, जेवण चवीने गेले, रात्री झोप लागली, तर दुखणे बहुधा कचेरीत आहे. नावेतही मन कोरडेच राहिले, मुलांचा आनंद काचेपलीकडून पाहिल्यासारखा वाटला, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस हेच चालू असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. राजीनामा त्यानंतर. नैराश्यात माणूस स्वतःला नालायक समजतो, भविष्य अंधारे पाहतो. त्या चष्म्यातून घेतलेला मोठा निर्णय उपचारानंतर परक्याने घेतल्यासारखा वाटतो. बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कोणाला भेटायचा संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. जगणे नको असे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो फोन करा.

समजा तपासण्या नीट आल्या, नैराश्य नाही. नोकरीच नको झाली आहे. मग प्रश्न असा की नको झालेल्या नोकरीत राहिल्याने शरीराचे खरेच बिघडते का?

काही अंशी, हो. कामाचा रेटा भारी आणि काम कसे करायचे हे ठरवायचा अधिकार मात्र शून्य, अशा जोडीला संशोधक 'कामाचा ताण' म्हणतात. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये ही मांडणी केली. पुढे युरोपातल्या तेरा अभ्यासांतील जवळपास दोन लाख माणसांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला की, अशा नोकरीतल्या लोकांना हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त असतो. याच लेखकांनी हेही सांगितले की, धूम्रपानासारख्या कारणांपुढे हा परिणाम लहान आहे. म्हणजे "नोकरीमुळे ताण आहे" म्हणत दिवसाला दहा सिगारेटी ओढणाऱ्याने आधी काय सोडायचे ते उघड आहे.

तासांचा हिशेब जास्त कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. नोकरी नावडती आहे की नाही याचा इथे संबंधच नाही. आवडत्या धंद्यात, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या दुकानात सत्तर तास राबणारा स्वतःला मोकळा समजतो, पण म्हणून त्याचा रक्तदाब त्याला सवलत देईलच असे नाही.

पण आपल्या एसटीतल्या माणसाची तक्रार ताणाची नाही, पोकळीची आहे. तिच्यावर फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम अजून उपयोगी पडते. त्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांना विचारले: कामावर खूप बरे कधी वाटले, खूप वाईट कधी वाटले? उत्तरे दोन वेगळ्या गटांत पडली. वाईट वाटण्यामागे कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती. बरे वाटण्यामागे काही साध्य केल्याचा आनंद, त्याची दखल, आणि कामाचे स्वरूप. पगार मुख्यतः पहिल्या गटात. तो कमी असला तर माणूस कुढतो. पुरेसा झाला की कुढणे थांबते, पण त्यामुळे कामात जीव येत नाही. पुढे या पद्धतीवर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे, कारण माणूस यशाचे श्रेय स्वतःला आणि दोष कंपनीला देतोच. तरी रविवारच्या पोटातल्या गोळ्याचे एवढे नेमके वर्णन मला दुसरीकडे सापडलेले नाही.

पगाराबद्दल आणखी एक. पैशाने सुख वाढते की नाही या जुन्या वादात डॅनियल काहनेमन आणि मॅथ्यू किलिंग्जवर्थ हे एकमेकांविरुद्ध निष्कर्ष काढलेले दोन संशोधक २०२३ मध्ये एकत्र बसले. अमेरिकी आकडेवारीत त्यांना दिसले की, बहुतेकांचे सुख पगाराबरोबर वाढत जाते. पण जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत, त्यांचे दुःख एका पातळीनंतर पगारवाढीने हटत नाही. पुढच्या बढतीनंतर बरे वाटेल असे तीन बढत्यांपासून म्हणत आलेल्याने हे ध्यानात घ्यावे.

आता दुसरी बाजू, जी राजीनाम्याच्या प्रेरक भाषणांत नसते. नोकरी पगाराशिवाय काय देते हे कळले ते ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातून. तिथली कापड गिरणी मंदीत बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिचे सहकारी तिथे जाऊन राहिले, त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये आले. वेळच वेळ असूनही ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. रस्त्याने पुरुषांची चाल मंदावली होती; संशोधकांनी ती घड्याळ लावून मोजली. याहोदाने पुढे मांडले की, नोकरी दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे देते, स्वतःपेक्षा मोठ्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते, आणि हातपाय हलते ठेवते. ते लोक स्वेच्छेने बाहेर पडले नव्हते, हा फरक मोठा आहे. पण राजीनाम्यानंतर तिसऱ्या महिन्यात सकाळी अकरा वाजता पारावर बसलेल्या माणसाला त्या मंद चालीचा अर्थ कळतो.

ओळखीचा मुद्दा आपल्याकडे तर घरात शिरतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही सोलापूरला लागून असलेल्या इंदापुरातलीही उघडी गोष्ट आहे. नोकरी सोडणारा अविवाहित असेल तर आईच्या डोळ्यांपुढे तो मोर्चा येतो. तिला अडाणी समजू नका. ती बाजारभाव बोलत असते.

आणि बाजारभावाचे म्हणाल तर एकदा कागदावर मांडाच. नीरेच्या कालव्याखालचा आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, तर तुटायला सोळा ते अठरा महिने. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात तीन हजार पडले आणि एकरी ५० टन निघाला असे धरू: दीड लाख. मशागत, बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी जाऊन निम्मे राहिले असे समजा, तर पाऊण लाख. म्हणजे एक एकर दीड वर्षात या माणसाचा एक महिन्याचा पगारही देत नाही. दीड वर्षाच्या पगाराची बरोबरी करायला बावीस-एक एकर ऊस लागेल. आकडे तुमच्या रानाप्रमाणे बदला, पण मांडा. कारखान्याने बिल चौदा दिवसांत द्यावे असा नियम आहे. हप्ता मात्र बँक ठरल्या तारखेलाच कापते.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग हा सोडू नका असेच सांगतोय. तसे नाही. उलट मनाचा काटा आधीच 'राहा'च्या बाजूला झुकलेला असतो हे चांगले तपासलेले आहे. हातातले गमावण्याचे दुःख तेवढेच मिळवण्याच्या आनंदापेक्षा मोठे वाटते, हे काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले. जितकी वर्षे घातली तितके सोडवत नाही, हा दुसरा गुंता. "बारा वर्षे काढली या क्षेत्रात" हे वाक्य पुढची बारा कशी जातील याबद्दल काहीच सांगत नाही.

अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी यावर एक गमतीदार प्रयोग केला. निर्णय होत नसलेल्या लोकांना त्यांनी संकेतस्थळावर नाणे उडवायला लावले: छापा पडला तर बदल करा, काटा पडला तर आहे तसे चालू द्या. वीस हजारांहून अधिक नाणी उडाली. नोकरी सोडणे, नाते तोडणे अशा मोठ्या प्रश्नांत छापा पडलेल्यांनी बदल करण्याचे प्रमाण वाढले, आणि सहा महिन्यांनी बदल केलेले लोक जास्त समाधानी निघाले. हे नाणे बारामतीत चालेल का? मला तरी सरसकट चालेलसे वाटत नाही. ते लोक आधीच उंबरठ्यावर उभे होते, आणि सहा महिने म्हणजे ऊस कमरेएवढा व्हायचा काळ. पण दोन वर्षे एकाच प्रश्नावर कुथत बसलेल्याला हा प्रयोग एवढे सांगतो की, आपण बहुधा गरजेपेक्षा जास्त थांबतो.

फक्त नव्या जागेच्या पहिल्या आनंदावर भिस्त ठेवू नये. २००५ मध्ये वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी वरिष्ठ व्यवस्थापकांच्या बाबतीत पाहिले की, नोकरी बदलल्यावर समाधान झपाट्याने चढते आणि नंतर उतरते. नवी नवरी नऊ दिवस, हे आपल्याला कोणी मोजून सांगायची गरज नव्हती.

मधली वाट आहे, आणि तिच्या बाजूने पुरावाही आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांच्या २०१४ च्या अभ्यासात, नोकरी चालू ठेवून धंदा सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांचे धंदे बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा एक-तृतीयांशाने कमी होती. अर्धा पाय नोकरीत ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण समजले जाते. आकडे तसे म्हणत नाहीत. काहींना तर सोडावेही लागत नाही. एमी रेझनिएव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांवरून दाखवले की, त्याच कामात काही जण रुग्णांशी बोलणे, नातेवाइकांना वाट दाखवणे अशी भर स्वतःहून घालतात आणि त्यांना काम वेगळेच वाटते. आपल्या माणसाने नव्या पोरांना शिकवण्याचे काम मागून घेतले तर रविवारचा गोळा थोडा विरघळेलही. नाही विरघळला तर तेही कळेल.

सोडायचेच ठरले, तर दोन कोरड्या गोष्टी. कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून स्वतःची, बायकोमुलांची आणि आईवडिलांची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. मधुमेह सापडल्यावर ती महाग पडते. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीसाठी ते काढा. आणि बायकोला हिशेब दाखवा, निर्णय नव्हे. तिचे उत्तर ऐकून मग निर्णय.

शेती डोक्यात असेल तर आणखी एक रजा टाका. दिवाळीतली, पाहुण्यांच्या गर्दीतली नको. कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज येते, त्या आठवड्यातली टाका. वडिलांना घरी झोपू द्या. बॅटरी आणि गमबूट घेऊन सातही रात्री तुम्ही दारे धरा, दुपारी हिशेबाची वही उघडा, आणि आठव्या दिवशी स्वारगेटची गाडी पकडताना पोटात काय होते ते बघा.